पत्राची दोन टोके : सरोजिनी नगर आणि मराठी कुटुंबांच्या इतिहासाची साधने

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी नवी दिल्लीच्या दक्षिण भागात ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांपैकी विनय नगर ही एक मोठी वसाहत होती आणि पुढे सरोजिनी नायडू यांच्या स्मरणार्थ तिला सरोजिनी नगर हे नाव मिळाले. देशभरातून सरकारी कचेऱ्यांत दाखल झालेल्या नोकरदारांबरोबर मराठी कुटुंबेही येथील क्वार्टरांत राहून गेली. क्वार्टर म्हणजे हुद्द्याच्या श्रेणीनुसार मिळणारे आणि सेवानिवृत्तीनंतर ठरावीक मुदतीत रिकामे करून द्यावे लागणारे सरकारी घर. त्यामुळे गावाकडच्या वाड्यात माळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या साठत जाणारे दप्तर, म्हणजे घराण्याच्या कागदपत्रांचा संग्रह, या घरांत साठणे शक्यच नव्हते. प्रत्येक बदलीच्या आणि निवृत्तीच्या वेळी सामान बांधताना जे पहिल्यांदा टाकून दिले जाते ते जुने कागदच असतात. अशा कुटुंबाचा इतिहास जुळवायचा झाल्यास त्याची साधने बव्हंशी पत्राच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे दिल्लीहून निघालेले पत्र ज्या घरी पोहोचले त्या घरी शोधावी लागतात.

दिल्लीतील मराठी माणसांच्या बाबतीत ही स्थिती नवी नाही. अठराव्या शतकात पेशव्यांचे वकील, म्हणजे मोगल दरबारातील राजकीय प्रतिनिधी, म्हणून दिल्लीत राहिलेल्या हिंगणे घराण्याचे मूळ नाशिककडचे होते, आणि या घराण्याचा आज उपलब्ध असलेला इतिहास मुख्यतः पत्रव्यवहारातूनच उभा राहिलेला आहे. हे कागद भारत इतिहास संशोधक मंडळाने ग. ह. खरे यांच्या संपादनाखाली ‘हिंगणे दफ्तर’ या नावाने १९४५ आणि १९४७ साली दोन खंडांत प्रसिद्ध केले. त्या काळच्या पत्रांत आडनाव क्वचितच येते. बापूजी महादेव, दामोदर महादेव, पुरुषोत्तम महादेव, देवराव महादेव अशी स्वतःचे आणि वडिलांचे नाव जोडून केलेली नाममुद्रा येते, आणि ही चौघे महादेवभट हिंगण्यांची मुले होत हे त्या समान दुसऱ्या नावावरून ओळखावे लागते. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, त्यामागेही हीच धारणा होती की राज्याचा इतिहास सरकारी दफ्तराइतकाच खाजगी घरांच्या रुमालांत, म्हणजे कागद बांधून ठेवण्याच्या कापडी गाठोड्यांत, आहे. या धारणेचा लाभ राजकीय इतिहासाला भरपूर झाला. सामान्य नोकरदार कुटुंबांना मात्र तो अजून पुरेसा झालेला नाही.

सरोजिनी नगरहून गेलेले एखादे आंतर्देशीय पत्र जवळून पाहिले तर त्यात किती पुरावा दडलेला असतो हे कळते. या प्रकारचे पत्र भारतात १९५० साली सुरू झाले, त्यामुळे त्याआधीचा मजकूर त्यावर असू शकत नाही. छापील टपालमूल्य आण्यांत असेल तर पत्र सामान्यतः एप्रिल १९५७ पूर्वीचे, नव्या पैशांत असेल तर त्यानंतरचे समजावे. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे ठरते. ‘विनय नगर’ हे नाव जुन्या पत्त्याचे निदर्शक असले तरी सवयीने जुनेच नाव लिहीत राहणारी माणसे प्रत्येक कुटुंबात असतात, म्हणून केवळ त्या नावावर काळ ठरवू नये. मायना, म्हणजे पत्रारंभीचे संबोधन, नात्याचा खात्रीचा साक्षीदार असतो. शिष्टाचार काटेकोरपणे पाळणाऱ्या पिढीत ‘तीर्थरूप’ हे प्रत्यक्ष आईवडिलांना आणि ‘तीर्थस्वरूप’ हे काका, मामा, सासरे यांसारख्या वडीलधाऱ्यांना लिहिले जाई. एखाद्या स्त्रीच्या नावामागचे ‘सौ.’ जाऊन एका पत्रापासून ‘गं. भा.’ (गंगा भागीरथी) दिसू लागले तर तिच्या पतीच्या मृत्यूचा काळ त्या दोन पत्रांच्या दरम्यान निश्चित करता येतो, मग मृत्यूचा दाखला मिळो वा न मिळो. म्हणूनच पाकिटातले पत्र पाकिटापासून वेगळे करणे आणि पत्रांचा मूळ क्रम मोडणे यांसारखे नुकसान दुसरे नाही.

कालगणनेचे तपशील स्वतंत्रपणे सांभाळावे लागतात, कारण पत्रांवरून मागे जात जात मोडी कागदांपर्यंत पोहोचले की सन बदलतात. शालिवाहन शकात ७८ किंवा ७९, पेशवेकालीन सुहूर सनात ५९९ किंवा ६००, आणि निजामाच्या मुलखातील महसुली कागदांवरच्या फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवल्यावर इसवी सन निघतो. या सनांचे वर्षारंभ जानेवारीत येत नसल्यामुळे दोन्ही शक्यता तपासाव्या लागतात.

गावाकडच्या नोंदींपैकी सर्वांत उपयोगाची नोंद म्हणजे फेरफार, अर्थात जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची तलाठ्याकडील नोंद. खातेदार वारला की वारसांची नावे तेथे चढतात, आणि त्यांतच दिल्लीत नोकरीला असलेल्या मुलाचेही नाव येते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर मुलींची नावेही वारस म्हणून येऊ लागली, आणि पाठोपाठ भावांच्या लाभात त्यांनी करून दिलेली हक्कसोडपत्रेही आली. ज्या दस्ताने बहिणीचा वाटा गेला, त्याच दस्तात तिचे माहेरचे आणि सासरचे नाव एकत्र टिकून राहिले, हे इतिहासकाराने खेदाने नोंदवावे असे वास्तव आहे. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या आगमनाच्या नोंदी वंशावळीसह मिळतात. परंतु त्यांतही पुरुषांची परंपराच ठळक असते. विसाव्या शतकात गोखले, बापट, पेंडसे इत्यादी घराण्यांचे कुलवृत्तांत, म्हणजे एका आडनावाच्या सर्व शाखांची संकलित माहिती देणारे ग्रंथ, निघाले. ते मोठ्या परिश्रमाचे फळ आहेत यात शंका नाही. पण त्या परंपरेत मुलीची शाखा सहसा तिच्या विवाहापाशी थांबते, आणि ग्रंथ तयार करण्याइतके शिक्षण व साधने ज्या समाजांकडे आधी आली त्यांचाच इतिहास आधी छापला गेला.

जुलै २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर यांच्यासह दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली आणि जुन्या क्वार्टरांच्या जागी उंच इमारतींची योजना आली. ज्या पत्त्यांवर पत्रे येत, ते पत्तेच मोडीत निघू लागल्यावर तेथे वाढलेल्या पिढीला घरच्या कागदांची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि मोबाइलवर पत्रांची छायाचित्रे काढून नातेवाइकांत वाटून घेणे आता सोपेही झाले आहे. मात्र नुसती छायाचित्रे जमवून भागत नाही. मूळ पत्र कोणाच्या घरी आहे, ते कोणी कोणास लिहिले आणि त्याचे उत्तर कोठे आहे, ही टीप प्रत्येक छायाचित्राबरोबर असेल तरच प्रश्न एका घरी आणि उत्तर दुसऱ्या घरी असलेला पत्रव्यवहार पुन्हा एकत्र वाचता येतो. अशा जुळणीत आडनावाच्या घरापेक्षा आत्यांची आणि मावशांची घरे अधिक हाती लागतात, कारण लग्न होऊन गेलेल्या मुलीला माहेरचे वर्तमान कळत असे ते पत्रातूनच, आणि ती पत्रे जपून ठेवण्याचे कारण तिच्यापाशी सर्वांत अधिक होते.