घर सोडताना : झीज कोणती, नुकसान कोणते?

सामान टेंपोत चढते आणि वाद मात्र रिकाम्या खोलीत उभा राहतो. "अगंबाई, रंगाची काय दशा केलीत!" घरमालकीणबाई म्हणतात. "अहो, तीन वर्षं राहिलो आम्ही!" भाडेकरीण म्हणते. मध्ये अडकते ती अनामत रक्कम. एकीला नव्या घराची अनामत तीतूनच भरायची असते, दुसरीचा महिना त्या भाड्यावर चालतो. तेव्हा दोघींचीही बाजू खरी!

1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार भाडेकरूने जागा घेतली तशी परत करायची. पण वाजवी वापराने झालेली झीज त्यातून वगळलेली आहे. हल्लीचे अकरा महिन्यांचे करार मात्र बहुधा 'लीव्ह अँड लायसन्स'चे असतात. तिथे करारातला मजकूर महत्त्वाचा, म्हणून ही सवलत त्यात लिहूनच घ्यावी.

आता झीज ओळखायची कशी? जपून राहणाऱ्या बाईच्या हातूनही जे झालेच असते, ती झीज. उन्हाने विटलेला रंग, बटणांभोवतीचा काळपटपणा, कॅलेंडरचे दोन-चार खिळे, चकाकी गेलेला कडाप्पा, हे सारे राहण्याचेच. पण ओट्याच्या कडेवर नारळ फोडून टवका उडवला, मोझाइक फरशीवर ॲसिड ओतून ती खरबरीत केली, फळीसाठी भोके पाडताना गिलावा पाडला, तर ते नुकसान. (नारळाला पायरी असते हो!)

ओलीचे प्रकरण जरा अवघड. गच्ची गळली तर दुरुस्ती मालकाची. पण मोरीच्या नळाची गळती सहा महिने कुणाला सांगितलीच नाही आणि दाराची चौकट कुजली, तर भाडेकरणीला हात झटकता येणार नाहीत. कळवावे, आणि लेखी कळवावे. मोबाईलवरचा निरोपही चालेल.

केंद्राने 2021 मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात भिंतींची सफेदी आणि दारे-खिडक्यांचा रंग मालकाकडे दिला आहे. नळाच्या चकत्या, बटणे, खिडक्यांच्या काचा भाडेकरूकडे. म्हणजे चकती वापरानेच झिजते, तरी बदलायची भाडेकरूने! राज्याने स्वीकारल्याखेरीज तो लागू होत नाही, पण करार करताना नमुना म्हणून उपयोगी पडतो.

नुकसान ठरले तरी नव्या वस्तूची पूर्ण किंमत मागणे मला रास्त वाटत नाही. समजा, रंगाला 20,000 रुपये लागतात आणि तो पाच वर्षे टिकतो. घर देताना रंग नवा होता आणि तीन वर्षांनी तो भाडेकरूमुळे खराब झाला, तर उरल्या दोन वर्षांचे 8,000 मागावेत. रंग आधीच पाच वर्षांचा असेल तर मागणार तरी काय?

हे सारे पहिल्या दिवशीच्या यादीवर ठरते. खोलीवार लिहा, फोटो काढा, दोघींनी सही करून एकेक प्रत ठेवा. पंखे, नळ, बिजागऱ्या, आधीचे तडे, सगळे त्यात येऊ द्या. आणि हो, किल्ल्या किती दिल्या तेही.