स्पंदरुंदी विरूपण नियंत्रक मंडलाची निवड

एका एकदिश विद्युत् दाबाचे दुसऱ्या एकदिश दाबात रूपांतर करणाऱ्या परिवर्तकात ट्रँझिस्टर सेकंदास हजारो वेळा चालू व बंद केला जातो. प्रत्येक आवर्तनात तो किती काळ चालू राहतो, म्हणजे स्पंदाची रुंदी किती, यावर प्रदान दाब अवलंबून असतो. या दाबाची संदर्भ दाबाशी तुलना करून स्पंदरुंदी आपोआप बदलणाऱ्या मंडलास स्पंदरुंदी विरूपण नियंत्रक म्हणतात. पूर्वी ते सुट्या घटकांतून जुळवीत. १९७६ मध्ये सिलिकॉन जनरल या अमेरिकन कंपनीचे, रॉबर्ट मॅमानो यांनी आखलेले एसजी १५२४ हे संकलित मंडल आले व संदर्भ दाब, आंदोलक, त्रुटिविवर्धक आणि तुलनित्र सिलिकॉनच्या एकाच चकतीवर सामावले.

निवडीत बहुधा कंप्रतेकडे प्रथम लक्ष जाते. वस्तुतः नियंत्रणाची पद्धत व पुरवठ्याचा दाब यांचा विचार आधी व्हावयास हवा. टीएल ४९४ मध्ये त्रुटिदाबाची तुलना आंदोलकाच्या करवती तरंगाशी होते. त्याची दोन प्रदाने आलटून पालटून चालतात व दोहोंमधील निष्क्रिय काळ ठरविता येतो. म्हणून दोन ट्रँझिस्टरांच्या अर्धसेतू परिवर्तकास ते सोयीचे असते. वैयक्तिक संगणकांच्या वीजपुरवठ्यांत ते विपुल वापरले गेले. यूसी ३८४२ मालिकेत प्रदान एकच असून ट्रँझिस्टरातील प्रवाह ठरलेल्या पातळीस पोहोचताच स्पंद तोडला जातो. त्यामुळे प्रत्येक स्पंदागणिक अतिप्रवाहापासून संरक्षण मिळते. मात्र प्रवर्तकातील प्रवाह अखंड असून चालू काळ आवर्तनाच्या ५० टक्क्यांपलीकडे गेल्यास अर्ध्या कंप्रतेची आंदोलने उद्भवतात. ती टाळण्यासाठी प्रवाहसंकेतात आंदोलकाच्या चढत्या तरंगाचा अंश मिसळतात.

याच मालिकेत एक फसवा फरक आहे. यूसी ३८४२ सुमारे १६ व्होल्टला सुरू होते व १० व्होल्टला बंद पडते. घरगुती विजेवरील परिवर्तकात हे अंतर उपयुक्त ठरते : मोठ्या रोधकातून धारित्र सावकाश भारित होते आणि मंडल सुरू झाल्यावर रोहित्राचे साहाय्यक वेटोळे पुरवठा हाती घेईपर्यंत धारित्रातील साठा पुरतो. तेच मंडल १२ व्होल्ट बॅटरीवर थेट जोडल्यास मुळीच सुरू होत नाही, आणि निर्दोष घटक सदोष समजून बदलला जातो. तेथे ८.४ व्होल्टला सुरू होणारे यूसी ३८४३ घ्यावे. ते ७.६ व्होल्टपर्यंत चालत राहते. परंतु इतक्या कमी द्वारदाबावर मॉसफेट पूर्णपणे संवाहक न होता तापून जळू शकतो. म्हणून बॅटरी उतरल्यावर मिळणाऱ्या दाबाला निवडलेल्या मॉसफेटचा रोध किती राहतो, हे आधी पडताळावे लागते.