रोजा, रोजगार आणि एक कागद

रोजा, रोजी, रोजगार, रोजंदारी. मराठीत आणि उर्दूत नित्य वापरले जाणारे हे शब्द एकाच फार्सी शब्दाची लेकरे आहेत. ‘रोज’ म्हणजे दिवस. दिवसभर पाळायचा तो रोजा, दिवसभर राबून मिळवायची ती रोजी. बिलोलीत रमजानच्या महिन्यात हे नाते शब्दकोशात शोधावे लागत नाही. सहेरी आटोपून, फजरची नमाज अदा करून नवाब सरफराज खान शहीद यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या दगडी मशिदीतून बाहेर पडणाऱ्यांत गवंडी असतात, वेल्डर असतात, हमाल असतात, मांजरेची रेती ट्रॅक्टरमध्ये भरणारे असतात. थोड्या वेळाने त्यांच्या शेजारी कामाला उभे राहणारे कुणी मारुतीला हात जोडून आलेले असतात, कुणी बुद्धविहारावरून. एकाच्या हातात डबा असतो, एकाच्या नसतो. महिनाभर फरक एवढाच.

यंदा आणखी एक योग जुळून आला आहे. गुढीपाडवा १९ मार्चला आहे आणि चंद्र दिसला की त्याला लागूनच ईद. पाडवा म्हणजे मराठवाड्यात सालगड्याचे साल संपण्याचा आणि नवे साल धरण्याचा दिवस. एकीकडे फित्र्याचा हिशेब, दुसरीकडे गड्याच्या उचलीचा. हे दोन्ही हिशेब एकाच आठवड्यात होत असताना कामगार कायद्याकडे पाहण्याची यापेक्षा चांगली वेळ नाही. कारण गेल्या पाडव्याला जो कायदा होता, तो या पाडव्याला राहिलेला नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षितता व आरोग्य. जुने २९ केंद्रीय कायदे त्यात विलीन झाले. नवे नियम पूर्णपणे येईपर्यंत जुने नियम, संहितेशी विसंगत नसतील तिथवर, चालू राहणार आहेत. कायदा नवा, नियम काही नवे काही जुने, अशा या मधल्या काळात मोठ्या कंपनीकडे वकील असतो, सल्लागार असतो. बिलोलीच्या कापड दुकानदाराकडे, वीटभट्टीवाल्याकडे, टेलरकडे कोण आहे? त्यांच्याकडे फार तर व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मजकूर असतो. ‘आता सगळ्यांना नियुक्तीपत्र’, ‘आता सगळ्यांना फुकट आरोग्य तपासणी’. वाचून मालक घाबरतो, नोकर हरखतो आणि दोघेही दुसऱ्या दिवशी पूर्वीसारखेच कामाला लागतात.

वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. नियुक्तीपत्राची सक्ती आणि सुरक्षिततेची बहुतेक कलमे ज्या संहितेत आहेत, ती मुख्यतः दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे. चाळिशी ओलांडलेल्यांची वार्षिक मोफत तपासणी केंद्राने जाहीर केली, ती याच चौकटीतली. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाचाही मुख्य भाग दहा कामगारांपासून सुरू होत असे. ती मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. बिलोलीच्या बाजारपेठेत वीस नोकर असलेली दुकाने किती, हे बाजारातून एक फेरी मारली तरी कळते. म्हणजे कायद्याचा मोठा भाग या गावाच्या वेशीवरूनच परत जातो. कामगारांच्या दृष्टीने ही काही आनंदाची गोष्ट नाही, आणि ‘सुटसुटीतपणा’ असे गोंडस नाव दिल्याने ती तशी होतही नाही.

पण एक संहिता वेशीवर थांबत नाही. ती वेतनाची. किमान वेतन एक नोकर असला तरी लागू, शेतातल्या गड्यालाही लागू. वेतन कधी द्यायचे तेही तिने बांधून दिले आहे. रोजंदारीवाल्याला पाळी संपताच, आठवड्याच्या बोलीवर असलेल्याला साप्ताहिक सुट्टीच्या आधी, महिनेवाल्याला पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. काम सोडले किंवा सोडायला लावले, तर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशेब चुकता. कोणत्याही कारणाने होणारी एकूण कपात वेतनाच्या निम्म्याहून जास्त नसावी.

घाम सुकण्याआधी मजुराची मजुरी द्यावी, हे प्रेषित मुहंमद (स.) यांचे सांगणे रमजानच्या बयानांत दरवर्षी ऐकू येते आणि मुस्लिमेतरांनाही ते ठाऊक असते. रोजंदारीच्या कलमाशी ते तंतोतंत जुळते. त्याहून कडक हदीस सहीह बुखारीत आहे, ती मात्र कमी ऐकवली जाते. कयामतच्या दिवशी तीन माणसांविरुद्ध खुद्द अल्लाह फिर्यादी असेल. त्यातला एक, मजुराकडून पुरते काम करून घेऊन मजुरी बुडवणारा. इस्लामी न्यायशास्त्रात ‘इजारा’ म्हणजे मोबदल्याने काम करवून घेण्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. काम किंवा मुदत आणि मोबदला, दोन्ही आधी ठरलेले नसतील तर तो करार सदोष ठरतो. ‘काम तर कर, मग बघू’ ही बोली त्यात बसत नाही.

खरी अडचण इथेच आहे. बिलोलीत काय, सगळ्या मराठवाड्यात काय, मजुरीचा व्यवहार बोलीवर चालतो. साल धरताना चार माणसांसमोर आकडा ठरतो, इतकी ज्वारी, इतके रोख, इतकी उचल. लिहीत कुणी नाही. लिहा म्हटले तर ‘आमच्यावर भरवसा नाही का’ असा प्रश्न येतो आणि गडी गप्प बसतो. पुढे पावसाळ्यात गडी आठ दिवस तापाने पडला की खाडे किती, उचलीतून किती कापले, याचे दोन वेगळे हिशेब दोन डोक्यांत तयार होतात. पाडव्याला भांडण होते ते या दोन हिशेबांचे. ज्याचे डोके गावात मोठे, त्याचा हिशेब खरा ठरतो.

कुरआनमधील सर्वांत मोठी आयत कोणती, असा प्रश्न विचारला तर बरेच जण नमाजेची किंवा रोजाची म्हणतील. ती आहे सूरह बकराची २८२ वी, आणि तिचा विषय आहे व्यवहार लिहून ठेवणे. मुदतीच्या देण्याघेण्याची नोंद करा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, त्याने नकार देऊ नये, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय. मजकूर कुणी सांगायचा तेही त्यात आहे. ज्याच्याकडे देणे निघते, त्याने. रोजांचा आदेश याच सूरहमध्ये १८३ व्या आयतीपासून येतो. दोन्हींमध्ये जेमतेम शंभर आयतींचे अंतर. पहिल्या आदेशासाठी गाव पहाटे उठते. दुसऱ्याचे पान क्वचितच उघडते. निकाह मात्र कुणी तोंडी लावत नाही. मेहरची रक्कम, वकील, साक्षीदार, सह्या, सगळे कागदावर.

वेतन संहितेचे ५९ वे कलम या आयतीशेजारी ठेवून वाचण्यासारखे आहे. मजुराने वेतन मिळाले नाही किंवा कमी मिळाले असा दावा केला, तर ‘दिले’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची. दाव्याला मुदत तीन वर्षांची. शेती किंवा घरकामासाठी पाचपर्यंत माणसे ठेवणाऱ्याला नोंदवह्या आणि वेतनचिठ्ठीतून सूट आहे, पण अधिकाऱ्याने मागितला तर वेतन दिल्याचा रास्त पुरावा त्यानेही दाखवायचा आहे. कमी वेतन दिल्यास दंड ५० हजार रुपयांपर्यंत जाऊ शकतो. तेव्हा भरवशाची भाषा बोलणाऱ्या मालकाने हे समजून घ्यावे की कागद नसला तर अडचण आता त्याची आहे. प्रामाणिकपणे पैसे देणारा पण पावती न घेणारा मालक, आणि असे मालक या गावात पुष्कळ आहेत, उद्या दिलेले पैसे दिल्याचे दाखवू शकणार नाही.

उचलीचा प्रश्न याहून नाजूक. हैदराबाद संस्थानात, म्हणजे बिलोली ज्या राज्यात १९४८ पर्यंत होती तिथे, कर्जापोटी बांधल्या गेलेल्या गड्याला ‘भगेला’ म्हणत आणि अशा करारांवर नियंत्रण आणण्यासाठी १९४३ मध्ये कायदा करावा लागला होता. पुढे १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी देशभर रद्द झाली आणि तिच्यापोटीचे कर्जही. तो कायदा चार संहितांत विलीन झालेला नाही, स्वतंत्रपणे उभा आहे. उचल देणे गुन्हा नाही. उचल फिटेपर्यंत माणसाला सोडून जाऊ न देणे हा गुन्हा आहे. ऊसतोडीच्या टोळीत आणि वीटभट्टीवर ही रेषा रोज ओलांडली जाते. कुरआनमधली हजरत मूसा (अ.) यांची गोष्ट इथे आठवते. तेही परक्या मुलखात गडी म्हणून राहिले होते. मुदत आठ वर्षांची, वाढवून दहा करायची की नाही हे त्यांच्या मर्जीवर, आणि ठेवून घेणाऱ्याने आधीच सांगून टाकले होते की तुला त्रासात घालण्याचा माझा इरादा नाही.

सुरक्षिततेचा विषय निघाला की डोळ्यांसमोर कारखाना येतो. पण बिलोली तालुक्यात कामाची जागा म्हणजे शेत, भट्टी, बांधकामाची परांची आणि रस्त्याकडेचे वेल्डिंगचे दुकान. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पाठीवर पंप घेऊन पिकात शिरतो तो पुष्कळदा गडीच असतो. मास्क, हातमोजे, वाऱ्याची दिशा पाहून फवारणी, एवढ्यासाठी कोणत्याही संहितेची वाट पाहायला नको. अपघातात माणूस गेलाच, तर सामाजिक सुरक्षा संहितेनुसार भरपाई कशी काढतात ते पाहावे. मासिक वेतनाच्या ५० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचे. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, मासिक वेतन किती होते आणि ते लिहिले कुठे आहे? घरातला कर्ता गेल्यावर विधवेने हा आकडा कुठून आणायचा?

बांधकाम मजुरांचे त्यातल्या त्यात बरे आहे. वय १८ ते ६०, मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम, एवढ्यावर राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. पण नोंदणीचे दरवर्षी नूतनीकरण लागते. भांड्यांचा संच मिळाला की अनेकांचे कार्ड ट्रंकेत जाते आणि मुलाची शिष्यवृत्ती मागायला गेल्यावर ते मुदतबाह्य निघते. ९० दिवसांचा दाखलाही शेवटी कागदच. इतर असंघटित मजुरांसाठी ई-श्रमची नोंदणी २०२१ पासून चालू आहे.

रमजानचा शेवटचा अशरा आला की टेलरच्या मशिनी सहेरीपर्यंत चालतात, कापड आणि चपलांची दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी राहतात. ठरलेल्या तासांपलीकडच्या कामाला किमान दुप्पट दर, असे वेतन संहिता सांगते. प्रत्यक्षात कारागिराला एक प्लेट बिर्याणी आणि ईदला एक शर्टपीस मिळतो. शर्टपीस द्यावा, पण तो वेतनात मोजू नये. काही मालक नोकराला दिलेली रक्कम जकातीतही धरतात. गरजू नोकराला जकात जरूर देता येते, पण कामाच्या मोबदल्यात दिलेला पैसा जकात होत नाही, याबद्दल उलेमांत दुमत नाही. महिनाभर दिवसा बंद राहणाऱ्या हॉटेलातल्या पोऱ्यांचे काय, हाही प्रश्न आहेच. हॉटेल मालकाच्या मर्जीने बंद, चूल मात्र पोऱ्याची विझते. त्यातले कुणी चौदा वर्षांखालचे असेल तर त्याने तिथे असूच नये, असे कायदा २०१६ पासून स्पष्ट सांगतो.

रोजा धरून भट्टीवर किंवा परांचीवर काम करणाऱ्याचा विचार सहकाऱ्यांनीही करायचा असतो. उन्हाचे काम सकाळी उरकले, दुपारची तासाभराची सुट्टी इफ्तारच्या आधी दिली, तर मालकाचे काही बिघडत नाही. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे आणि आपल्याच हातांनी स्वतःला संकटात लोटू नका, असे याच सूरह बकरात सांगितले आहे. चक्कर येत असताना तिसऱ्या मजल्यावर विटा चढवणे ही इबादत नव्हे.

आठवड्याची सुट्टी आणि आठ तासांचा दिवसही कुणी आपणहून दिला नव्हता. गिरणी कामगारांची रविवारची सुट्टी १८९० मध्ये आली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झगड्याने, आणि आठ तासांच्या दिवसासाठी १९४२ नंतर मजूरमंत्री म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर झटले. 

पाडव्याला साल धरताना लागणारा कागद फार मोठा नाही. दोघांची नावे, कामाचे स्वरूप, सालाची किंवा महिन्याची रक्कम, धान्य किती, उचल किती आणि कशी फिटायची, सुट्ट्या किती, आजारपणाचे काय, तारीख, दोन साक्षीदार. भाषा मराठी चालेल, उर्दू चालेल, सीमेवरच्या गावांत तेलुगूही चालेल. सही येत नसेल तर अंगठा. प्रत दोघांकडे, आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो. दर महिन्याला दिलेली रक्कम मागच्या बाजूला लिहीत जायची. तरीही तंटा झालाच तर दाद मागायला नांदेडचे कामगार कार्यालय आहे. लिहिणारा मिळत नाही ही सबब तर आता चालण्यासारखी नाही. बिलोलीत दहावी-बारावी झालेले पोर नाही असे घर शोधून सापडायचे नाही, आणि लिहिणाऱ्याने नकार देऊ नये, ही ताकीद त्या आयतीत आहेच. असर आणि इफ्तार यांच्या मधल्या वेळात मशिदीच्या पायऱ्यांवर बसून अशी दोन-चार पाने सहज लिहून होतात.