बर्फालाही वाफसा असतो

‘तुमची धाकटी कॅनडात काय करते हो?’ असं तासगावात कुणी विचारलं की आमची आई क्षणभर थांबते आणि सांगते, ‘बर्फ नांगरते.’ विचारणाऱ्या बाईला वाटतं, काकू चेष्टा करतायत. पण मैत्रिणींनो, माझ्या नोकरीचं याहून बरं वर्णन मलाही अजून जमलेलं नाही. पगाराच्या चिठ्ठीवर ‘ग्रूमर ऑपरेटर’ असं लिहिलेलं असतं. ते वाचून माझ्या एका मावसबहिणीने, मी घोड्यांना खरारा करते, अशी समजूत करून घेतली होती!

स्कीइंग तुम्ही सिनेमात पाहिलेलं असतं. पायाला लांब पट्ट्या, हातात दोन काठ्या आणि पांढऱ्याशुभ्र उतारावरून भुर्रकन खाली. तो उतार आपोआप तसा गुळगुळीत असतो असं आपल्याला वाटतं. मलाही वाटायचं. प्रत्यक्षात संध्याकाळपर्यंत त्या उताराची दशा जत्रा उठल्यानंतरच्या मैदानासारखी झालेली असते. खड्डे, उंचवटे, कुठे घासून उघडा पडलेला टणक बर्फ. शिवाय दिवसभर हजारो लोक घसरत येतात, त्यांच्याबरोबर बर्फही खाली सरकतो. तो पुन्हा वर न्यायचा, पसरायचा, कुटायचा, दाबायचा आणि सकाळी लिफ्ट सुरू होण्याआधी कोरा करकरीत उतार तयार ठेवायचा, हे आमचं काम. लोक दिवसभर बर्फ खाली ढकलणार, आम्ही रात्रभर वर आणणार. धुण्याभांड्यांसारखंच आहे, संपलं असं कधी होत नाही.

यंत्र कसं असतं म्हणाल, तर जेसीबी आणि रोटाव्हेटर यांचं लग्न लावून त्यांना रणगाड्याचे पट्टे चढवले, असं समजा. पुढे सगळ्या बाजूंनी वळणारं भलंमोठं पातं. खाली रबरी पट्टे आणि त्यांवर धातूच्या आडव्या पट्ट्या. मागे टिलर, म्हणजे दात असलेला गरगर फिरणारा दांडा. तो बर्फ कुटून बारीक करतो आणि त्याच्यामागची रबरी फणी त्यावर बारीक रेघा ओढते. कॉर्डरॉयच्या कापडासारख्या दिसतात म्हणून इकडे त्या रेघांना ‘कॉर्डरॉय’च म्हणतात. मोठ्या यंत्राचं इंजिन चारशे अश्वशक्तीच्या आसपास, डिझेल तासाला वीस-पंचवीस लिटर सहज पितं. गंमत अशी की एवढं अवजड धूड, पण पट्टे इतके रुंद की बर्फावर पडणारा त्याचा दाब चालत्या माणसाच्या पावलापेक्षाही कमी असतो. जिथे मी कमरेपर्यंत रुतेन, तिथून ते डुलत डुलत जातं.

पूर्वी हे सगळं माणसं करायची. स्की घालून, शेजारी शेजारी उभं राहून बर्फ पायांनी तुडवायची. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या विंटर पार्कला स्टीव्ह ब्रॅडली नावाच्या व्यवस्थापकाने १९५० च्या दशकात एक ओढायचं अवजार बनवलं. ते मागे बांधून माणूस उतारावरून घसरत यायचा आणि मागे बर्फ सपाट होत जायचा. धाडसच म्हणायचं! मग युरोपात यंत्रं आली. जर्मनीतल्या केसबोहरर कंपनीचं पहिलं ‘पिस्टनबुली’ १९६९ सालचं. आपल्या औलीला या यंत्राला ‘स्नो बीटर’ म्हणतात.

आता मी यात कशी आले ते सांगते. माझे मिस्टर हॉटेल मॅनेजमेंट शिकलेले. २०१३ साली त्यांना ब्रिटिश कोलंबियातल्या ओकानागन भागात, डोंगरावरच्या एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात नोकरी लागली. (रिसॉर्टचं नाव मुद्दाम लिहीत नाही.) खाली दरीत द्राक्षाचे मळे, वर डोंगरावर बर्फ. तासगावच्या मुलीला द्राक्षं बघून भरून आलं, पण बी.कॉम.च्या सर्टिफिकेटला इथे कुणी विचारेना. तीन हिवाळे मी रिसॉर्टच्या लॉन्ड्रीत चादरी घड्या केल्या. सकाळी सहाला कामावर जाताना रात्रपाळीचे ड्रायव्हर यंत्रं शेडमध्ये लावत असायचे. मागचा टिलर बघून मला आबांचा रोटाव्हेटर आठवायचा. आमच्याकडे भाऊ नाही. त्यामुळे बागेतलं ट्रॅक्टरचं काम मी दहावीपासून करत आले. गावात नावं ठेवणाऱ्यांनी ठेवली, आबांनी लक्ष दिलं नाही.

२०१६ च्या हंगामाआधी जागा निघाली, मी अर्ज टाकला. आमचा मुकादम साठीचा, अबोल माणूस. त्याने एकच प्रश्न विचारला, ‘आधी काय चालवलंयस?’ म्हटलं, ‘ट्रॅक्टर. मागे रोटाव्हेटर.’ पुढचा प्रश्न आला, ‘ओल्या जमिनीत चालवला तर काय होतं?’ मी म्हटलं, ‘ढेकळं होतात, वाळली की दगडासारखी.’ तो म्हणाला, ‘उद्या चारला ये.’ याला वेगळी डिग्री लागत नाही. वाहन चालवायचा परवाना हवा, आणि जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून शिकायची तयारी. पाळीवर आम्ही नऊजण होतो, आठ पुरुष. मी ख्रिसमसपर्यंत टिकेन की नाही यावर त्यांच्यात पैज लागली होती, हे मला नंतर कळलं. जिंकणाऱ्याने सगळ्यांना पिझ्झा दिला, मी दोन तुकडे जास्त घेतले.

वाफसा म्हणजे काय हे शेतकऱ्याच्या लेकीला सांगायला नको. पावसानंतर जमीन फार ओली नाही, फार सुकी नाही, अशी तयार होते ती वेळ. ती साधली तर मशागत, चुकली तर चिखल. बर्फाचंही अगदी तसंच. मार्चमध्ये दिवसा ऊन पडतं, वरचा थर पाणचट होतो. तशातच टिलर घातला तर रात्री तो गोठून ढेकळं होतात आणि सकाळी त्यावरून घसरणाऱ्याचे गुडघे जातात. फार उशीर केला तर वर काच झालेली असते, टिलर नुसता खरवडतो. दोन्हींच्या मध्ये, वरचा थर नुकता आवळायला लागतो तेव्हा, तासाभराची वेळ मिळते. जानेवारीत उणे वीसच्या थंडीत वेगळीच तऱ्हा. बर्फ साखरेसारखा सुटा, बांधूनच घेत नाही. पडद्यावर जीपीएस दाखवतं की पात्याखाली किती सेंटिमीटर बर्फ आहे. फार उपयोगी आहे ते, मी नाकारत नाही. पण बर्फ कसा आहे ते सांगत नाही. त्यासाठी खाली उतरून मूठभर बर्फ दाबून बघावा लागतो. आबा माती बघायचे तसाच.

आणि रात्रीच का? कुटलेल्या बर्फाचे कण एकमेकांना चिकटून घट्ट व्हायला काही तास लागतात. सारवलेली जमीन वाळायच्या आत कुणी पाय टाकला की आजी कशी ओरडायची, आठवतं ना? तेच इथे.

माझी पाळी दुपारी चार ते रात्री एक. केबिनमध्ये हीटर असतो, आत मी साध्या टी-शर्टवर बसते. थर्मासमध्ये चहा, डब्यात पोळीभाजीचा रोल. रात्री आठला जेवणाची सुट्टी होते तेव्हा भारतात सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात, आईशी बोलणं तेव्हाच. तुमच्या मनातला प्रश्न मला माहीत आहे, तोही सांगून टाकते. बाथरूम वरच्या लिफ्टच्या खोलीत आहे. त्याची किल्ली पहिले दोन आठवडे मला कुणी दिली नव्हती, कारण पुरुषांना कधी गरजच वाटली नव्हती! मी मागून घेतली.

मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. मिस्टरांची सकाळची पाळी, माझी रात्रीची. मधले दोन तास शेजारची फिलिपिनो ताई सांभाळायची. तिचे उपकार फिटणार नाहीत.

आता धोक्याबद्दल. हॉलीवूडचा नट जेरेमी रेनर याची बातमी तुम्ही वाचली असेल. १ जानेवारी २०२३ ला नेवाडात त्याच्याच मालकीचं साडेसहा टनी यंत्र घसरायला लागलं, ते भाच्याच्या अंगावर जाऊ नये म्हणून थांबवायला तो धावला आणि त्याखाली आला. तीसहून जास्त हाडं मोडली. पार्किंग ब्रेक लावल्याशिवाय पट्ट्यावर पाय ठेवायचा नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात ते उगाच नाही.

पण मला स्वतःला जास्त धसका आहे तो विंचचा. फार उभ्या चढावर यंत्र स्वतःच्या बळावर टिकत नाही. मग वर पक्क्या रोवलेल्या खुंटाला तारेचा दोर अडकवायचा आणि यंत्रावरच्या विंचने तो सोडत-ओढत काम करायचं. दोर बोटाएवढा जाड, मोठ्या यंत्रावर हजार मीटर लांब. सैल पडला की बर्फात गडप होतो. ताण आला की सपकन वर उसळतो, बाजूलाही फिरतो. रात्रीच्या अंधारात तो दिसत नाही. म्हणूनच लिफ्ट बंद झाल्यावर उतार सगळ्यांना बंद असतो, खाली पाट्या आणि लुकलुकते दिवे असतात. तरी काही हौशी लोक स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या लावून रात्री डोंगर चढतात. युरोपात अशा दोराने लोकांचे जीव गेलेले आहेत.

फेब्रुवारी २०२२ मधली रात्र. मी सहा-सातशे मीटर दोर सोडून खाली होते. वर जाण्यासाठी ताण घेणार तेवढ्यात वरच्या वळणावर झाडांच्या कडेला एक ठिपका चमकला. मग दुसरा. कपाळावरचे दिवे! वळणापाशी दोर बर्फाखाली होता हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. यंत्र होतं तिथेच थांबवलं, विंचला हात लावला नाही, वॉकीटॉकीवर कळवलं. हॉर्न वाजवून, दिवे उघडझाप करून त्यांना थांबवायचा प्रयत्न केला, तर ते हात हलवायला लागले. त्यांना वाटलं, मी नमस्कार करतेय! वीस मिनिटांनी ड्यूटीवरचा माणूस स्नोमोबाइलवरून पोचला आणि त्यांना झाडांमधून खाली घेऊन आला. तोवर मी ब्रेकवरचा पाय काढला नव्हता. एक तरुण आणि एक माझ्याच वयाची बाई. ती म्हणाली, ‘तुझं यंत्र तर किती लांब होतं.’ मी तिला चालत वर नेलं आणि टॉर्चने बर्फ उकरून दोर दाखवला. त्यांच्या पाऊलखुणांपासून चार पावलांवर होता. ती मटकन खाली बसली. मी उरलेली पाळी पूर्ण केली. घरी आल्यावर मात्र मिस्टरांना उठवून सगळं सांगितलं आणि मग रडले.

‘सोड ही नोकरी’ असं घरून कुणी म्हटलं नाही का? म्हटलं ना. आईने, सासूबाईंनी, दोघींनीही. पण खरं सांगू, माझ्या नोकरीला त्या दोरापेक्षा उन्हाची भीती जास्त आहे. पगार तासावर, बर्फ नाही तर तास नाहीत. २०२३-२४ चा हिवाळा इतका उबदार गेला की डिसेंबरभर शेडमध्ये बसून यंत्रांना ग्रीस लावत होतो आणि पाळ्या निम्म्यावर आल्या. हे आजचंही नाही. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकला सायप्रस माउंटनवर बर्फच नव्हता, तेव्हा ट्रकने आणि हेलिकॉप्टरने आणून टाकला होता. सगळ्या रिसॉर्टना ते परवडतंय थोडंच! उन्हाळ्यात मी खाली चेरीच्या पॅकिंग हाऊसमध्ये पंजाबी बायकांबरोबर काम करते. बर्फाचे तास कमी झाले तर चेरीचे वाढवायचे, असं आमचं घरचं बजेट चालतं. विजेवर चालणारी यंत्रं आली आहेत, आमच्याकडे अजून नाहीत.

त्याच पॅकिंग हाऊसमधली एक पंजाबी मुलगी, एकवीस वर्षांची, गेल्या हिवाळ्यात लिफ्टवर कामाला लागली. रोज विचारायची, ‘दीदी, मलाही येईल का?’ या नोव्हेंबरपासून ती माझ्या शेजारच्या सीटवर बसणार आहे. मुकादम आता निवृत्त झालाय, शिकवायचं काम माझ्याकडे आलंय. पहिले काही दिवस तिला जॉयस्टिकला हात लावू देणार नाही. नुसतं खाली उतरून बर्फ मुठीत घ्यायचा आणि मला सांगायचं, आता घालायचा का टिलर, का अजून थांबायचं. बाथरूमची किल्ली मात्र पहिल्याच दिवशी देणार.