मैफलीचा आवाज कसा जपतात?



जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर, कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या तीन मैफली झाल्या. त्यांच्या २०२१ च्या ध्वनिमुद्रिकेचं नाव मोठं गमतीचं आहे : 'म्युझिक ऑफ द स्फिअर्स', म्हणजे ग्रहगोलांचं संगीत. माझ्या एका विद्यार्थ्यानं तिथलं गाणं मोबाइलवर टिपून आणलं. ऐकतो तर काय, गाणं थोडं आणि शेजाऱ्याच्या आरोळ्याच फार!

असं का व्हावं? गर्दीतही आपलं मन हवा तो आवाज निवडतं. यंत्राला ती निवड नाही. जवळचा आवाज त्याला मोठा, लांबचा लहान. शिवाय आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. मंचावरचा ठोका शंभर मीटरवर पोचायला पाव सेकंदाहून अधिक वेळ लागतो.

मग मोठ्या उत्सवांतली मुद्रणं स्वच्छ कशी निघतात? पिंक फ्लॉइडचंच उदाहरण घ्या. 'स्पेस रॉक', म्हणजे अवकाशाचा भास देणारं संगीत, रुजवणाऱ्यांपैकी हा एक वाद्यवृंद. वास्तविक अवकाशात हवा नाही, म्हणून तिथे आवाजही नाही. हा भास लांबवलेल्या सुरांचा आणि घुमण्याचा. आपण आडात हाक मारली की ती घुमते ना, तसाच.

३० जून १९९० रोजी इंग्लंडमध्ये नेबवर्थच्या संगीतोत्सवात, पावसात, सुमारे १ लाख २० हजार लोकांपुढे हा वाद्यवृंद वाजला. अशा मुद्रणात प्रत्येक गळ्यापुढे, वाद्यापुढे निराळा मायक्रोफोन असतो. श्रोत्यांकडे तोंड केलेले आणखी निराळे. प्रत्येकाचा आवाज स्वतंत्र पट्टीवर उतरतो. ज्वारी-बाजरी वेगळ्या कणग्यांत ठेवावी तसं हे. पुढे कशाचा वाटा किती, ते सावकाश ठरवता येतं. म्हणूनच नेबवर्थच्या त्या मैफलीचं मिश्रण नव्यानं करून, ३१ वर्षांनी, २०२१ मध्ये तिची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघू शकली.

गुरुजी, बाई, हे तुमच्या गावच्या जत्रेतही साधेल. भारूड म्हणणाऱ्या आजोबांपुढे हातभर अंतरावर एक मोबाइल ठेवा, दुसरा लोकांकडे तोंड करून. दोन्ही सुरू झाले की एकच खणखणीत टाळी वाजवा. पुढे दोन्ही मुद्रणं जुळवताना तीच खूण. आजोबांची संमती घ्या. त्यांचं नाव, गाव, तारीख वहीत लिहा.

भारुडाचे शब्द कागदावर उतरतील, पण आजोबांचा हेल उतरणार नाही. आणि ते पुढल्या जत्रेला असतीलच, असं कोणी सांगावं?