वीणेची तार तुटली तर

चिखली तालुक्यातल्या अमडापूरसारख्या गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. पहारा बदलला की विणेकरी बदलतो, वीणा मात्र खांद्यावरच राहते. सप्ताहाआधी पखवाजाची पुडी तपासतात, पेटी सुरात आहे का पाहतात, पण वीणेच्या तारा आणि त्या जिच्यावर टेकतात ती घोडी मध्येच दगा देईपर्यंत कोणी बघत नाही. म्हणून हे थोडं सविस्तर.

तुटलेली तार फेकू नका

तार कुठे तुटली ते आधी बघा. खुंटीजवळ तुटली असेल तर ती प्रमाणाबाहेर ताणली गेली, किंवा खुंटीच्या भोकाची कड धारदार आहे. बुडाशी, म्हणजे लंगोटापाशी तुटली असेल तर बहुधा गंज किंवा कच्चा पीळ. घोडीवर तुटली असेल तर दोष घोडीचा. तिथे तारेनं घासून खाच पाडलेली असते, आणि नुसती नवी तार चढवली तर तीही तिथेच जाईल.

तुकडा जाडी जुळवायलाही लागतो. गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक. मधल्या जोडाच्या तारा पोलादी, खर्जाची पितळी. खर्जाच्या जागी पोलादी तार चालवून घेऊ नये, नादाचा पायाच जातो.

नवी तार चढवताना

एका वेळी एकच तार काढा. वीणेची घोडी बहुतेक वेळा तारांच्या दाबावरच तबलीवर उभी असते. चारही तारा एकदम सैल केल्या की ती जागची हलते. त्यामुळे आधी तिच्या पायांभोवती पेन्सिलीची बारीक खूण करून ठेवावी.

तार लंगोटात घट्ट पिळून अडकवा, मणी ओवा, घोडीवरून तारगहनाच्या भोकातून खुंटीपर्यंत न्या. खुंटी पिळताना ती आत दाबत राहा. उन्हाळ्यात आपल्याकडे लाकूड आटतं आणि खुंटी सटकते, तेव्हा खडू चोळावा. पावसाळ्यात तीच फुगून अडकते, तिथे जोर करू नये. मणी मधोमध ठेवला की पुढे सूर बारीकसा चढवायला किंवा उतरवायला जागा राहते. लंगोटाकडे सरकवला की सूर चढतो. नवी तार काही तास ताणत जाते, म्हणून ती सप्ताहाच्या सकाळी नव्हे, आदल्या दिवशी चढवावी.

घोडी आणि जवारी

घोडीचा माथा दिसायला सपाट, पण त्याला अगदी हलका उतार असतो. तार त्या उताराला निसटती घासते आणि गुंजन उठतं, हीच जवारी. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा असतो. नाद मिटलेला वाटला तर आधी तो केसभर पुढेमागे सरकवून बघा, पुष्कळदा तेवढ्यानं काम होतं. तरीही आवाज कोंडलेला राहिला किंवा खाच बोटाला लागली, तर कानस हातात घेऊ नका. उतार एकदा बिघडला की दुरुस्तीत घोडी आणखी उतरते, कधी नवीच घालावी लागते.

हे काम जवारी काढणाऱ्या कारागिराचंच. मिरजेत ही कारागिरी पिढ्यानपिढ्या चालत आली आहे आणि तिथल्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अमडापूरहून मिरज फार लांब आहे, म्हणून आषाढी वारीहून परतताना वीणा दाखवून आणणं सोयीचं. पंढरपूरहून मिरज रेल्वेनं जोडलेलं आहे.

पिशवीत काय असावं

प्रत्येक जाडीच्या दोन तारा, सुताचं रीळ, खडू, छोटी पक्कड आणि कोरडं फडकं. घामानं पोलादी तार गंजते, म्हणून पहारा बदलताना तारा फडक्यानं पुसायची सवय लावा. तालुक्याच्या गावी ऐनवेळी हवी ती तार मिळेलच असं नाही.