नंबर सांगा, मग पार्ट!

हडपसरच्या आमच्या घरात देवघराशेजारच्या कपाटात ज्ञानेश्वरी, दासबोध आणि दोन-तीन जुनी पंचांगे यांच्या रांगेत एक तेलकट पुस्तक उभे आहे. पुठ्ठ्याचे कोपरे झिजलेले, पानोपानी काळ्या अंगठ्यांचे ठसे. इतर पोथ्यांना हात धुऊन हात लावायचा असतो, या पोथीला हात लावला की मग हात धुवावे लागतात, असे सौ. म्हणते. ही पोथी म्हणजे फियाट ११०० या गाडीच्या सुट्या भागांचा कॅटलॉग.

गाडी वडिलांची. त्यांनी ती १९६८ साली घेतली. ‘डिलाइट’ या नावाने ओळखले जाणारे ते मॉडेल. त्याआधीच्या गोल नाकाच्या फियाटला लोक प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हणत. आमची जरा सडपातळ. वडील गेले तेव्हा घराच्या कागदपत्रांबरोबर गाडीची किल्लीही माझ्याकडे आली. वडिलांची आठवण म्हणून मी ती ठेवली, दर रविवारी पुसली. गाडी सांभाळणे म्हणजे एवढेच, असे मला तेव्हा वाटत होते.

हा समज दिवे घाटात उतरला.

१९९१ सालची गोष्ट. जेजुरीला खंडोबाचे दर्शन घेऊन आम्ही परतत होतो. सौ. शेजारी, सहा वर्षांची मुलगी मागे भंडाऱ्याने पिवळी होऊन झोपलेली. सासवड मागे पडले, घाटाचा उतार लागला, खाली मस्तानी तलाव दिसू लागला आणि एका वळणाआधी ब्रेकचे पेडल पायाखाली लोण्यासारखे मऊ लागले. दुसऱ्यांदा दाबले तर तळाला टेकले. गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढत गेलो आणि डोंगराच्या बाजूच्या मातीच्या ढिगाऱ्यात गाडी घातली. मडगार्ड चेपले, बाकी कोणाला काही झाले नाही. मुलगी जागी होऊन म्हणाली, “घर आलं?” त्या प्रश्नाला उत्तर द्यायला माझ्याकडे आवाज नव्हता.

चूक कोणाची? मिस्त्रींची नव्हती आणि दुकानदाराचीही नव्हती. आठवड्यापूर्वी ब्रेकच्या सिलिंडरमधले रबर बदलायला झाले होते. मिस्त्रींनी ते आणायला मला सांगितले. मी दुकानात गेलो आणि ऐटीत म्हणालो, “फियाटचे ब्रेकचे रबर द्या.” त्याने दिले. ते हाताला तसेच लागत होते, डोळ्याला तसेच दिसत होते. मिस्त्री गावी गेले होते, गॅरेजमधल्या पोराने बसवून दिले. त्या रबराचे माप केसभर कमी होते. गाडी सपाट रस्त्यावर चालली. घाटात पेडलवर सारखा जोर पडला तेव्हा तेल निसटले. त्या काळच्या गाड्यांत ब्रेकच्या तेलाला वाट एकच असे. एका चाकाशी गळती झाली की चारही चाकांचा दाब जाई.

मिस्त्री परतले. त्यांनी ते रबर चिमटीत धरून उजेडात पाहिले आणि मला म्हणाले, “साहेब, ‘फियाट’ हे आडनाव झालं. नाव सांगायला पाहिजे.”

नाव म्हणजे पार्ट नंबर. त्यासाठी कॅटलॉग हवा. तो मला मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, पितळी दिवे आणि तुटके रेडिओ यांच्यामध्ये पडलेला मिळाला. विकणाऱ्याने तो किलोच्या भावाने काढला होता; माझ्या तोंडावरचा आनंद पाहून त्याने भाव बदलला.

कॅटलॉग म्हटले की लोकांना गाडी दुरुस्त कशी करावी हे सांगणारे पुस्तक वाटते. ते वेगळे. चाक कसे काढावे, कुठला बोल्ट किती आवळावा, झीज कितीपर्यंत चालते, हे वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असते. कॅटलॉग फक्त काय आहे, किती आहे आणि कशाशेजारी आहे एवढेच सांगतो. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, ब्रेक, बॉडी असे त्याचे अध्याय. प्रत्येक पानावर एक चित्र, त्यात जुळवलेला भाग जणू हवेत सुटा केलेला असतो. बोल्ट, मग वायसर, मग स्प्रिंग, मग झडप, ज्या क्रमाने ते आत बसतात त्याच क्रमाने रांगेत. प्रत्येकाला एक आकडा. त्या आकड्यासमोर पार्ट नंबर, नाव, आणि गाडीत असे नग किती. मी बँकेत आयुष्य काढलेला माणूस. मला ही खातेवही पाहताक्षणी आवडली. ज्या पानावर चार नग लिहिले आहेत आणि काम संपल्यावर टेबलावर एक उरला आहे, त्या दिवशी ताळा जुळलेला नाही हे समजावे आणि पुन्हा उघडावे.

खरी मेख शेवटच्या रकान्यात असते. एकाच मॉडेलच्या गाड्या वर्षानुवर्षे बनताना कारखाना लहानमोठे बदल करीत राहतो. त्यामुळे ‘अमुक चासी नंबरपर्यंत हा पार्ट, पुढे तो’ अशी नोंद असते. जुन्या फियाटची पुढची दारे उलटी उघडत, बिजागरी मागच्या अंगाला असे. पुढे ती सरळ झाली. हा बदल रस्त्यावरच्या पोरालाही दिसतो. आतल्या बुशाचा बदल दिसत नाही, तो फक्त या रकान्यात असतो. म्हणून दुकानात जाण्याआधी गाडीचा चासी नंबर आणि इंजिन नंबर वहीत उतरवायचा. काही ठिकाणी जुना नंबर रद्द होऊन नवा आलेला असतो. नवा पार्ट बहुधा जुन्या जागी चालतो, पण जुना नव्या जागी चालेलच असे नाही.

मी पहिल्यांदा पूर्ण तयारीनिशी नाना पेठेत गेलो. पुण्यात मोटारींच्या स्पेअर पार्टचा बाजार तिथे. नंबर सांगितला, नग मिळाला, विजयी मुद्रेने हडपसरला आलो, आणि तो बसेना. मी डाव्या बाजूचा आणायचा तो उजव्या बाजूचा आणला होता. बॉनेटसमोर उभे राहून मी डावे-उजवे ठरवले होते. मिस्त्री हसत म्हणाले, “गाडीची डावी बाजू गाडीत बसून बघायची असते.” कॅटलॉगचा हा जगभरचा नियम मला चाळिशीजवळ कळला.

आणखी एक खाचखळगा आहे. ही गाडी इटलीची खरी, पण आमची जन्मली कुर्ल्याला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सचा कारखाना तिथे होता. पन्नाशीच्या दशकात तिथे फियाट बनू लागली आणि एकेक भाग इथेच तयार व्हायला लागला. विजेचे सामान, बॅटरी, टायर इथल्या कंपन्यांचे. त्यामुळे इटलीचा मूळ कॅटलॉग आता इंटरनेटवर मिळाला तरी तो आमच्या गाडीला पानोपानी लागू पडत नाही. भावंडांचे चेहरे सारखे, पण चष्म्याचे नंबर वेगळे.

पार्ट मुळीच मिळत नसेल तेव्हा हडपसरची औद्योगिक वसाहत मदतीला येते. मोठ्या कारखान्यांच्या सावलीत इथे लेथवर काम करणारी कितीतरी बारकी शेड उभी राहिली. तिथे बुश हुबेहूब कातून मिळतो. पण कॅटलॉगच्या चित्रात मापे नसतात. म्हणून जुना झिजलेला नग कधीही फेकू नये. टर्नरला नमुना तोच. बेअरिंगचे मात्र सोपे असते. त्यावरचा नंबर जगभर एकच. ६२०४ म्हणजे आतला व्यास २० मिलिमीटर, बाहेरचा ४७, रुंदी १४. मग ते फियाटचे आहे की पाण्याच्या पंपाचे, हे बेअरिंगला ठाऊक नसते.

आता दिवस बदलले. १९७४ पासून हीच गाडी ‘पद्मिनी’ झाली, आणि नव्या शतकाच्या तोंडावर तिचे उत्पादन थांबले. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांमुळे पार्ट चालू राहिले होते. त्यातली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती, ती २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. दुकानातला माल आता संपत जाणारच. दुसरीकडे २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांपलीकडच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. अशी गाडी मग रोजच्या वापराला चालत नाही. मी अजून तो अर्ज केलेला नाही. पण मूळ रूप म्हणजे काय, हे उद्या कोणी विचारले तर वडिलांच्या आठवणी पुढे करून भागणार नाही. पान उघडून दाखवावे लागेल.

मिस्त्री आता नाहीत. त्यांना इंग्रजी वाचता येत नसे. मी नंबर वाचायचो आणि ते समासात पेन्सिलीने खुणा करायचे. कुठे फुली, म्हणजे बाजारातला चालत नाही. कुठे वर्तुळ, म्हणजे लेथवर करून घ्या. ब्रेकच्या पानावर त्यांनी दोन रेघा ओढल्या आहेत. त्यांचा अर्थ त्यांनी सांगितला नाही, मी विचारला नाही. कॅटलॉगमध्ये जे छापलेले नाही ते त्या खुणांत आहे, आणि नंबर नसते तर त्या खुणांना कुठेच जागा नव्हती.

गेल्या महिन्यात पुढच्या चाकाचे काम निघाले. घाटात झोपलेल्या त्या मुलीची मुलगी, आता बारा वर्षांची, सुटीला आली होती. तिला पान काढून दिले. चित्रावर बोट ठेवून तिने नंबर मोठ्याने वाचला, मी वहीत लिहिला. मग ती थांबली.

“आबा, इथे डावीचा वेगळा आणि उजवीचा वेगळा आहे. आपलं चाक कुठलं?”

मी काही सांगण्याआधी ती दार उघडून ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसली, समोर पाहिले, आणि डावा हात बाहेरच्या चाकाकडे केला.